चौथी अट

"पाच दाणे पेरले तर नेमके चारच कशाला उगवायला पाहिजेत? पाचही उगवले तर काय वाईट आहे का?"

प्रयाग ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर वही, वहीवर पुस्तक. रविवारची दुपार होती. मी समोर बसून भुईमुगाच्या ओल्या शेंगा फोडत होतो.

"वाईट-चांगलं गणितात नसतं," मी म्हणालो. "चार विचारलेत, चारांचं काढायचं."

"शेतकरी विचारतो का कधी असं? नेमके चारच उगवतील का म्हणून?"

"शेतकऱ्याला पेपर नाही द्यायचा. तुला द्यायचाय."

आमची उज्ज्वला तेव्हा नऊ वर्षांची होती. ती माझ्याजवळचे सोललेले दाणे पळवत होती. ती म्हणाली, "आई नापास झाली तर बाबा तिला अंगठे धरायला लावतील."

"लावू दे," प्रयाग म्हणाली. "मग त्या दिवशी भाकरी तेच थापतील." आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. "उगवण ऐंशी टक्के. म्हणजे पी शून्य पूर्णांक आठ. एन पाच. आर चार. बरोबर?"

"बरोबर. आता सूत्रात घाल."

तिनं घातलं. शून्य पूर्णांक चार शून्य नऊ सहा आलं. मी पुस्तकाच्या मागची उत्तरं बघितली आणि मान हलवली. तिला आनंद झाला नाही. ती म्हणाली, "म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा हे असं होणारच नाही. मग कंपनीनं ऐंशी टक्के लिहून काय सांगितलं?"

"ते मी सांगतो नंतर," मी म्हणालो. मला सांगता आलं नसतं.

मी जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. बारावी सायन्स झालेला. काम उगवण तपासायचं. ओल्या कागदावर पन्नास दाणे ओळीनं मांडायचे, वर दुसरा कागद ठेवायचा, गुंडाळी करायची, रबर लावायचं आणि पंचवीस अंशाच्या कपाटात उभी करून ठेवायची. आम्ही त्या गुंडाळीला रोल म्हणायचो. सातव्या दिवशी रोल उघडून चिमट्यानं मोजायचं. चांगले कोंब किती, वाकडे किती, मेलेले किती. पंधरा वर्षं मी तेच केलं होतं. त्यासाठी कंपनीनं दोन दिवसांचं शिक्षण दिलं होतं, त्यात हे द्विपद वितरण आलं होतं. तेवढंच मला यायचं. पण घरात मीच जाणकार होतो.

प्रयाग अंगणवाडी सेविका होती. गावाबाहेरच्या वस्तीत सव्वीस मुलं होती तिच्याकडं. त्या वर्षी खात्यातून सेविकांमधून मुख्यसेविका घेणार होते. मुख्यसेविकेच्या हाताखाली वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात, पगार सरकारी असतो, आणि मानधनावरच्या बाईला सगळे ताई म्हणतात तिथं हिला मॅडम म्हणतात. भरतीला अट होती पदवीची आणि वय चाळीसच्या आत असण्याची. प्रयाग एकोणचाळीसची होती. बाहेरून बी.ए. करत होती, अर्थशास्त्र घेऊन. सगळे पेपर निघाले होते, एक सांख्यिकीचा सोडून. त्यात ती दोनदा नापास झाली होती. हिवाळी परीक्षा ही शेवटची. पुढची परीक्षा उन्हाळ्यात, तिचा निकाल लागेपर्यंत प्रयागचं वय उलटून जाणार होतं.

म्हणून मी दर रविवारी शिकवत होतो. माझी पद्धत सोपी होती. गणित वाचायचं, एन, पी आणि आर शोधायचे, सूत्रात घालायचे, पुढं जायचं. तिला ते जमत नव्हतं, कारण ती मध्येच थांबायची. पुस्तकात द्विपद वितरणाच्या चार अटी दिल्या होत्या. प्रयत्नांची संख्या ठरलेली पाहिजे. प्रत्येक प्रयत्नाला दोनच निकाल पाहिजेत. प्रत्येक वेळी संभाव्यता सारखी पाहिजे. आणि चौथी, प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र पाहिजेत. मी तिला सांगितलं होतं की या पाठ कर, टीपेला चार मार्क आहेत. तिनं पाठ केल्या, पण प्रत्येक गणिताला त्या लावून बघायला लागली.

"नाण्याचं ठीक आहे," ती म्हणायची. "एक नाणं पडलं, त्याचं दुसऱ्याला काय माहीत. पण तुमच्या दाण्यांचं मला पटंना. एक दाणा सडला तर शेजारचा सडत नाही का?"

"सडतो कधी कधी."

"मग स्वतंत्र कुठं राहिले?"

"प्रयाग, गणितात दिलंय म्हणजे ते स्वतंत्रच. आपण तपासायचं नसतं."

"मग अटी कशाला दिल्यात पुस्तकात?"

"टीप लिहायला," मी म्हणालो. उज्ज्वला हसली. प्रयागही हसली, पण पेन्सिलीनं चौथ्या अटीखाली रेघ मारून ठेवली.

पेपर नोव्हेंबरात झाला. त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी होतो. ती आली ती खुशीत आली. चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

"दहा मार्कांचं गणित डोळे येण्यावर होतं. माझ्या हातातलंच."

"काय होतं?"

"वसतिगृहाच्या एका खोलीत सहा मुली राहतात. डोळ्यांची साथ आलीय. प्रत्येकीला डोळे येण्याची संभाव्यता शून्य पूर्णांक दोन. नेमक्या दोघींना येण्याची संभाव्यता काढा."

मी मनात जमवून बघितलं. एन सहा, पी शून्य पूर्णांक दोन, आर दोन. "शून्य पूर्णांक दोन पाच आलं असेल," मी म्हणालो. "थोडं कमी."

"मी काढलं नाही."

"म्हणजे?"

"मी लिहिलं की हे या सूत्रानं सुटणार नाही. चौथी अट मोडते. एका खोलीतल्या एकीला डोळे आले की बाकीच्यांना येतातच. एकच टॉवेल, एकच आरसा. एक तर कोणालाच येणार नाहीत, नाही तर चौघी-पाचजणींना येतील. नेमक्या दोघी राहणं सगळ्यात अवघड. आणि मी माझ्या अंगणवाडीचं लिहिलं. सोमवारी एकाला आले, शनिवारपर्यंत सव्वीसातल्या एकोणीस जणांना. हजेरीपटात आहे म्हणून लिहिलं."

मी उठून उभा राहिलो. मला आठवतं, मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुला तिथं अंगणवाडीचा अहवाल लिहायला बसवलं होतं का?"

"पण ते खरंय की नाही?"

"खरं-खोटं कोण विचारतंय? दोन ओळींचं गणित होतं. उज्ज्वलानं केलं असतं."

तिनं चपला कोपऱ्यात सरकवल्या. मग म्हणाली, "तपासणाऱ्याला कळेल. तो शिकलेला असणार ना."

निकाल फेब्रुवारीत लागला. पासाला पस्तीस पाहिजे होते. तिला एकतीस होते.

दोन दिवस ती नेहमीसारखी वस्तीवर गेली, वजनकाटा लावला, पोरांना खाऊ घातलं, घरी आली. तिसऱ्या दिवशी तिनं पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आणला आणि माझ्यापुढं ठेवला. भरलेला होता. खाली कारणाच्या रकान्यात तिनं काही लिहिलं नव्हतं.

"पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे," ती म्हणाली. "त्या एका गणिताला चार मार्क मिळाले तरी होतं. पण मी नुसती अंगणवाडीची बाई. तुमचे साहेब सांख्यिकी शिकवायचे म्हणता ना?"

आमचे रत्नपारखी साहेब प्रयोगशाळेचे प्रमुख होते. कंपनीत यायच्या आधी शेतकी कॉलेजात सांख्यिकी शिकवायचे.

"शिकवायचे."

"मग त्यांना दाखवा. मी पेपरात लिहिलं होतं तसंच्या तसं यावर लिहून काढलंय." तिनं वहीचा कागद दिला. "ते म्हणाले बरोबर, तर अर्ज टाकू. ते म्हणाले चूक, तर विषय सोडून देऊ. मला तुमच्याशी भांडायचं नाही आणि विद्यापीठाशीही नाही. जाणत्या माणसानं एकदा सांगावं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी कागद खिशात घालून कामावर गेलो. संध्याकाळी परत आलो तेव्हा ती दारातच होती.

"दाखवला?"

"दाखवला."

"काय म्हणाले?"

मी सायकल भिंतीला लावली, कुलूप घातलं. "चूक म्हणाले," मी म्हणालो.

"नेमकं काय म्हणाले?"

"म्हणाले, दिलेलं गणित सोडवायचं असतं. ते चूक ठरवायचा आपल्याला अधिकार नाही. शून्यच मिळणार."

"आणि डोळ्यांचं? हजेरीपटाचं?"

"अंगणवाडीतलं अंगणवाडीत ठेवावं, असं म्हणाले."

तिनं पदर खांद्यावर नीट केला. "हसले का?"

"थोडेसे."

"बरं झालं आधी विचारलंत," ती म्हणाली. "नाही तर विद्यापीठात हसं झालं असतं." मग आत गेली आणि पिठाचा डबा काढला. "मेथीची पातळ भाजी करू का पिठलं करू?"

मी पिठलं म्हणालो.

साहेब यातलं काहीही म्हणाले नव्हते. साहेबांनी तो कागद उभ्या उभ्या वाचला होता. आम्ही मोठ्या टेबलापाशी होतो. शेवंताबाई आणि दुसऱ्या दोघी रोल उघडून मोजत होत्या. साहेबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

"आमच्या मिसेसनी."

"काय करतात?"

"अंगणवाडीत आहेत. नापास झाल्या ना साहेब, म्हणून. मी त्यांना सांगितलं होतं की सूत्रात घाल म्हणून, पण ऐकत नाहीत."

"तुम्ही सांगितलं होतं?" साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "खरात, हे बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. गणितच चुकीचं घातलंय त्यांनी. मी एम.एस्सी.च्या मुलांना हे सांगून सांगून थकलो. सूत्र सगळ्यांना येतं. ते कुठं लावायचं नाही, हे कोणी बघत नाही. यांनी बघितलं. वर आकडेसुद्धा दिलेत."

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"आणि तुम्ही हो? पंधरा वर्षं रोल उघडताय. एक दाणा कुजला की बुरशी शेजारच्या चारांना धरते, हे रोज दिसतंय तुम्हाला. तुमच्या डोक्यात कधी आलं नाही हे?"

शेवंताबाई चिमटा खाली न ठेवताच म्हणाली, "साहेब, खरातभाऊंना घरीच शिकवणी लावा. बाईंकडं."

"फी मी भरतो," साहेब म्हणाले. तिघी हसल्या. साहेबही हसले. त्यात कोणाचं काही वाईट नव्हतं. मीसुद्धा हसलो.

मग साहेब म्हणाले, "मी पत्र लिहून देतो विद्यापीठाला. माझं शिक्षण, अनुभव, सगळं घालून. अर्जाला जोडा. आणि उद्या बाईंना घेऊन या. मला भेटायचंय त्यांना."

हे असं झालं होतं.

सायकलवरून घरी येताना मी काय विचार करत होतो ते मला नीट आठवतं. मला शेवंताबाईचं बोलणं लागलं होतं. आणि दुसरं, मुख्यसेविकेची पहिली नेमणूक जिल्ह्यात कुठंही व्हायची. परतूर, मंठा, भोकरदन. ती गेली असती तर उज्ज्वलाचं कोणी बघायचं, माझ्या डब्याचं कोणी बघायचं, हे मी महिनाभर मनात धरून होतो आणि तिला बोललो नव्हतो. पण तिला खोटं सांगायचं असं काही ठरवून मी घरी आलो नव्हतो. आज गप्प बसू, उद्या सांगू, असं वाटत होतं. तिनं दारातच विचारलं आणि तोंडातून ते निघालं. एकदा निघाल्यावर पुढचं सगळं आपोआप जुळत गेलं. ती विचारत गेली आणि मी साहेबांच्या तोंडी घालत गेलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "बाई नाही आल्या?"

"नको म्हणाल्या, साहेब. अर्ज करायचाच नाही म्हणतात."

"का?"

"घरचं बघायचंय म्हणतात."

"वाईट झालं," साहेब म्हणाले. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला, फाडला आणि टोपलीत टाकला. पत्र त्यांनी लिहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांची बदली हैदराबादला झाली.

पंधरा तारीख गेली. सोळा तारखेला प्रयागनं भरलेला अर्ज चुलीत घातला. तेव्हा मी बंबाजवळ उभा होतो. मला वाटलं होतं की मुदत संपली की मनावरचं ओझं जाईल, आता सांगून उपयोग नाही असं म्हणता येईल.

त्या भरतीत तिच्याबरोबरची एक सेविका मुख्यसेविका झाली. तिला प्रयागनंच सुरुवातीला रजिस्टर भरायला शिकवलं होतं. पुढं ती प्रयागच्या अंगणवाडीची तपासणी करायला यायची. प्रयाग तिला मॅडम म्हणायची, खुर्ची पुसून द्यायची. घरी येऊन कधी कुरकुर केली नाही. बायका बसल्या की ती स्वतःवरच एक गंमत सांगायची. "मी बाई पेपरात डोळ्यांची साथ लिहून आले. यांच्या साहेबांना दाखवलं तर साहेब हसायला लागले. म्हणाले, अंगणवाडीतलं अंगणवाडीत ठेवा." बायका हसायच्या. मी तिथं असलो तर तीच माझ्याकडं बघायची, की सांगा ना, कसे हसले ते. मी मान हलवायचो.

ती परीक्षेला परत बसली नाही. वय गेलं होतं, हे खरं. पण पदवी तरी घे, असं उज्ज्वलानं मोठी झाल्यावर दोन-तीनदा म्हटलं. तेव्हा ती म्हणायची, "मला त्यातलं कळत नाही. जाणत्या माणसानं सांगितलंय."

एक गोष्ट मात्र बदलली होती आणि ती फक्त मला दिसायची. ती आधी प्रत्येक गोष्टीला उलटं विचारायची. डॉक्टरला विचारायची, दुकानदाराला विचारायची, मला तर रोज विचारायची. ते हळूहळू बंद झालं. मी काही सांगितलं की "बरं" म्हणायची. शेजारी म्हणायचे, खरात, तुमची बायको फार समजूतदार आहे.

उज्ज्वला बारावी कॉमर्सला गेली तेव्हा तिच्या गणितात हाच धडा आला. एका सकाळी ती पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसली. प्रयाग पलीकडं गहू निवडत होती.

"बाबा, या चार अटी आहेत. पहिल्या तीन कळल्या. प्रयत्न स्वतंत्र असले पाहिजेत म्हणजे काय?"

मी पुस्तक हातात घेतलं. सांगायला तोंड उघडलं होतं. मला सगळं सांगता आलं असतं. खोली, सहा मुली, एक टॉवेल. इतकं सोपं उदाहरण मला दुसरं कुठलंच माहीत नव्हतं, आणि ज्या बाईनं ते शोधलं होतं ती हाताच्या अंतरावर बसली होती. नऊ वर्षांनी का होईना, मुलीसमोर सांगता आलं असतं की तुझी आई बरोबर होती आणि साहेबांनी तसं सांगितलं होतं.

प्रयागनं सुपातून मान वर केली. ती हसत होती. "ते विचारू नको गं," ती उज्ज्वलाला म्हणाली. "मार्क जातात."

उज्ज्वला हसली. तिला ती जुनी गंमत माहीत होती.

"नाण्याचं उदाहरण घे," मी म्हणालो. "एक नाणं पडलं, त्याचं दुसऱ्याला काही माहीत नसतं. झालं. पुढचं वाच."

तिनं पुढचं गणित वाचलं. मी एन, पी आणि आर सांगितले. उत्तर बरोबर आलं.

प्रयाग त्यानंतर सोळा वर्षं होती. गेल्या पौषात गेली. शेवटचे चार महिने ती अंथरुणावर होती आणि मी सतत तिच्याजवळ होतो. बोलायला माणसं कमी यायची. दुपारी घरात दोघंच असायचो. ती एकदोनदा म्हणाली, "काही बोला ना." मी तिला पेपर वाचून दाखवायचो.